सोसायटीच्या मीटरवरची दिवसाची सवलत कुणाची?

महावितरणच्या स्मार्ट टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणाऱ्या) मीटरवर घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर झाली. सोसायटीच्या सामायिक मीटरवर ही सवलत मिळवणं सोपं आहे, वाटणं अवघड.

आधी पंप घ्या. 5 एचपीची मोटर तासाला साधारण 4.6 युनिट खाते. रोज दोन तास चालली तर महिन्याला 275 युनिट, म्हणजे 80 पैशांनी 220 रुपये. 24 फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येकी नऊ. हे वाटत बसू नका, सामायिक वीजबिलातच वळते करा, ते तसंही सगळ्यांच्या सेवाशुल्कात सारखं जातं.

नुसता टायमर लावून मात्र भागत नाही. टाकी जरा उतरली की फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार मोटर चालू-बंद करणारा स्विच) संध्याकाळी सातलाही मोटर सुरू करतो. म्हणून वरचा फ्लोट टायमरसोबत सिरीजमध्ये घ्या, म्हणजे दोन्ही चालू असतील तरच मोटर सुरू होईल, आणि तळाजवळ दुसरा फ्लोट टायमरला बगल देऊन थेट स्टार्टरच्या (मोटर सुरू करणाऱ्या पेटीच्या) कॉइलला जोडा, म्हणजे टाकी रिकामी होत आली तर मोटर कधीही सुरू होईल आणि पाहुणे आले तरी नळ कोरडे पडणार नाहीत. टायमर बॅटरी बॅकअपचाच हवा. साधा डायलवाला वीज जाईल तितका मागे पडतो आणि दोन-तीन महिन्यांत नऊची मोटर भलत्याच वेळी सुरू होते.

खरी गोची इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगची. रोज 6 युनिट लागणारी गाडी पूर्ण दिवसा चार्ज केली तर महिन्याला 144 रुपये वाचतात, पण ते वाचतात घरून काम करणाऱ्याचे किंवा निवृत्ताचे. नोकरीवाल्याची गाडी त्या वेळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते. त्यात चार्जिंग पॉइंटच्या साध्या सब-मीटरला (मुख्य मीटरनंतर लावलेल्या छोट्या मीटरला) घड्याळच नसतं, तो फक्त एकूण युनिट दाखवतो. मग समिती मुख्य बिलाची सरासरी काढते आणि दिवसा चार्ज करणाऱ्याने मिळवलेली सवलत रात्री चार्ज करणाऱ्यालाही जाते. हा माझ्या मते सरळ अन्याय आहे. टीओडी सब-मीटर किंवा वेळेची नोंद ठेवणारा चार्जर घ्या. तोवर वॉचमनने रोज 9 आणि 5 वाजता रीडिंगचा फोटो काढला तरी चालतं.

महिनाअखेरीला सगळ्या नोंदींची बेरीज मुख्य बिलातल्या दिवसाच्या युनिटशी ताडून बघा. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे वजा केल्यावरही मोठा फरक उरला, तर एखादा पॉइंट सब-मीटरच्या आधीच जोडलेला असण्याची शक्यता जास्त.