आधी तर्री, मग पोहे

एखाद्या अल्बमविषयी माझे मत कोणी विचारले तर ते सांगताना मी फारसा अडखळत नाही. न विचारता सांगितल्याची उदाहरणेही आमच्या घरात पुष्कळ आहेत. मात्र ज्या अल्बमविषयी मी वीसहून अधिक वर्षे एक ठाम मत बाळगले आणि चारचौघांत मिरवले, तो मी पूर्ण ऐकलेलाच नव्हता, हे मला गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरसमोर सतरंजीवर आडवा पडलेलो असताना कळले.

कॉलेजात असताना एका मित्राने मला ६० मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. तिच्या पट्टीवर निळ्या बॉलपेनने ‘लिक्विड टेन्शन’ एवढेच लिहिलेले होते. पुढचा ‘एक्सपेरिमेंट’ हा शब्द जागेअभावी गळला होता. अल्बम १९९८ सालचा, चौघा वादकांचा. गिटारवर जॉन पेट्रुची आणि ड्रमवर माइक पोर्टनॉय, हे दोघे ड्रीम थिएटर या बँडमधले; की-बोर्डवर जॉर्डन रुडेस, जो वयाच्या नवव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत पियानो शिकायला गेला होता आणि या अल्बमनंतर वर्षभरात ड्रीम थिएटरमध्येच दाखल झाला; आणि बास व चॅपमन स्टिक या बोटांनी ठोकून वाजवायच्या तारवाद्यावर टोनी लेव्हिन, किंग क्रिमसन या बँडमध्ये वाजवलेला, चौघांतला वडीलधारा. गायक कोणीच नाही. मेटलची जड गिटार, जॅझमधली सुचेल तिकडे जाण्याची मोकळीक आणि मध्येच मात्रांचा हिशेब बदलणाऱ्या लांबलचक रचना, असा हा सारा मामला होता. ती कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली आणि नागपूरच्या शंकरनगर चौकातल्या चहाच्या टपरीवर निकाल जाहीर केला : हात तयार आहेत, पण काळीज नाही. वाक्य मला आवडले. पुढे कोणत्याही वेगवान वादकाविषयी बोलायचे झाले की मी तेच वापरू लागलो, आणि ते इतके सोयीचे होते की समोरच्या वादकाचे नाव बदलले तरी वाक्यात काहीच बदलावे लागत नसे. मताला हे चांगले लक्षण नव्हे, हे तेव्हा सुचले नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि गिटार वाजवतो. सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याने आपल्या मुठीएवढ्या स्पीकरवर हाच अल्बम लावला. मी डोळे मिटून, पुढे काय येणार हे माहीत असलेल्या माणसाच्या समाधानाने ऐकत होतो. शेवटची रचना सुरू झाली. माझ्या आठवणीत ती रचना ‘खट्’ असा आवाज होऊन संपते, कारण त्या ठिकाणी माझी कॅसेट संपत असे. मी त्या खट्‌ची वाट पाहत राहिलो आणि ड्रम पुढे चालूच राहिले. ती मध्येच तुटते हे मला माहीत नव्हते असे नाही. पण उरलेले दोन-चार मिनिटांचे शेपूट असेल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात अल्बम सत्तर मिनिटांहून मोठा आहे आणि शेवटची रचना २८ मिनिटांहून अधिक चालते. म्हणजे तिची सुमारे निम्मी लांबी माझ्या कानांवर कधी पडलीच नव्हती, आणि ‘काळीज नाही’ हा शेरा मी अर्धी उत्तरपत्रिका तपासून दिला होता.

भाच्याने मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी भरलेल्या कॅसेटवर असण्याचा प्रश्नच नव्हता. या रचनेचे नाव ‘थ्री मिनिट वॉर्निंग’, आणि अल्बमच्या वेष्टनावर वादकांनीच श्रोत्यांसाठी एक खट्याळ सूचना छापलेली आहे : संगीताच्या बाबतीत नाजूक मनाच्या, उतावीळ किंवा वादकांच्या आत्ममग्नतेवर टीका करणाऱ्या मंडळींनी आठव्या रचनेनंतर सरळ स्टॉपचे बटण दाबावे. टीकाकार काय म्हणणार हे त्यांना आधीच ठाऊक होते, आणि त्यांनी त्याला बाहेरचे दार दाखवून ठेवले होते. मी ते दार न पाहता आत शिरलो आणि निम्म्या वाटेवर टेप संपल्यामुळे बाहेर पडलो. ही रचना बहुतांशी त्या क्षणी सुचेल तशी, टेप चालू ठेवून वाजवलेली आहे; म्हणजे त्यांनी टेप चालू ठेवला आणि माझा बंद पडला.

त्या दुपारी आमच्या बैठकीत आणखी दोघे श्रोते होते, त्यांची मते सांगण्यासारखी आहेत. आईने पहिली दहा मिनिटे फार सोशिकपणे ऐकले आणि मग विचारले, “हे झालं म्युझिक. आता गाणं कधी सुरू होते?” मला आधी हसू आले, पण प्रश्न तिच्या जागी योग्य होता. सिनेमाच्या गाण्यावर वाढलेल्या कानाला वाद्ये म्हणजे गाण्याच्या दाराशी घातलेली रांगोळी. तिच्यावरून आत जायचे असते. आमच्या शहरात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो सिनेमाची गाणी सादर करणारा स्टेज कार्यक्रम, आणि त्यामुळेच मी कॉलेजात असताना ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या जॅझ-रॉक बँडचे नाव प्रथम ऐकले तेव्हा मला ती गणेशोत्सवात कार्यक्रम करणारी कुठलीशी पार्टी वाटली होती.

आता शब्द नसले की आमच्या लोकांना ऐकवत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. नागपुरात वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत धुमाल वाजते, त्यात कोणी गात नाही. ताशे, ढोल, की-बोर्ड, आणि त्या की-बोर्डवर ओरडणारी चाल. तीवर पोरे तासन्‌तास नाचतात आणि शब्द नाहीत अशी तक्रार कोणी करत नाही. मात्र नीट पाहिले तर नाचणाऱ्यांचे ओठ हलत असतात. चाल ओळखीची असते, शब्द ज्याचे त्याने आणलेले असतात. लिक्विड टेन्शनच्या चालीला घरून आणायला आईपाशी शब्द नव्हते, एवढाच तो फरक, आणि तो लहान नाही.

दुसरे श्रोते शेजारचे काका. हे निवृत्तीनंतर पूर्णवेळ भजनी मंडळात आहेत, तुकडोजी महाराजांच्या भजनांना खंजिरी वाजवतात आणि गरज पडली तर तबल्यावरही बसतात. ते आले होते आमच्याकडचे वर्तमानपत्र परत करायला, बसले. पहिली रचना, जी सुरुवातीपासूनच धावत सुटते आणि जवळजवळ नऊ मिनिटे फारशी थांबत नाही, त्यांनी मान खाली घालून ऐकली आणि म्हणाले, “काऊन बे, एवढी घाई कायची हाय याले? आलाप कुठी हाय?” पुढे सातव्या क्रमांकावर गिटार आणि पियानो यांची एक संथ जुगलबंदी येते, ‘स्टेट ऑफ ग्रेस’ नावाची. तिथे त्यांनी प्रथमच मान वर केली. “हे आधी पाह्यजे होतं ना बाप्पा. यानं आधी तर्री वाढली अन् पोहे मागून आणले.”

या प्रकारच्या संगीतावरची मी ऐकलेली ही सर्वांत नेमकी टीका आहे, आणि माझ्या ‘काळीज नाही’पेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे, कारण तिच्यात नेमके काय खटकले ते सांगितलेले आहे. सतारीचा ‘झाला’, म्हणजे शेवटचा वेगवान भाग, ऐकताना वेग फार झाला म्हणून कोणी उठून जात नाही. उलट टाळ्या तिथेच पडतात. पण त्या झाल्याआधी पाऊण तास आलाप आणि जोड झालेला असतो, श्रोत्याला रागाच्या घरात सगळ्या खोल्यांतून फिरवून आणलेले असते, आणि मग वेग येतो तो त्याला आपल्याच पायांत आल्यासारखा वाटतो. ही चौकडी झाल्यापासूनच आरंभ करते. ज्याला या भाषेचा सराव आहे त्याला ते चालते; बाकीच्यांना आपण धावत्या गाडीत चढतो आहोत असे वाटते, आणि चढता आले नाही की आपण म्हणतो, गाडीत काही अर्थ नव्हता.

तसे पाहता ‘तयारी’ हा शब्द आमच्याकडे मोठा फसवा आहे. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचे सभागृह आहे. नागपुरात वाढलेल्या आणि इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या या गवयाची तान कुठून निघून कुठे उतरेल याचा नेम नसे. त्याच सभागृहात एखाद्या मैफिलीच्या मध्यंतरात चहा घेताना ‘तयारी जबरदस्त आहे’ हे वाक्य कानी पडते, आणि ते कौतुक आहे की तक्रार, हे बोलणाऱ्याच्या भुवया पाहिल्याखेरीज कळत नाही. ‘पण’ हा शब्द तोंडात आधीच येऊन बसलेला असतो.

काकांचे मत पुढे बदलले, आणि ते का बदलले हे मला अधिक गमतीचे वाटते. मी त्यांना सांगितले की या अल्बमच्या कितीतरी आधी, १९७१ साली, त्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने पहिल्या अल्बममध्ये रॉक, जॅझ आणि विषम मात्रांचे ताल एकत्र आणले होते. तिथला गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन याने पुढे झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा गट काढला. आणि आजच्या या वादकांची वाट त्याच बाजूने आलेली आहे. “झाकीरभाईसोबत वाजवणाऱ्याच्या घराण्यातले होय का हे?” काका नीट मांडी घालून बसले. घराणे असे सरळ नाही, हे सांगण्याचा मोह मी आवरला. संगीत तेच होते, स्पीकर तोच होता. घराणे लागताच कान वेगळे झाले.

त्यानंतर ते मात्रा मोजू लागले. एका जागी त्यांना सात सापडल्या. “हे तं रूपक होय,” असे म्हणून त्यांनी सतरंजीवर बोटांनी ‘ती ती ना, धी ना, धी ना’ धरले. दोन आवर्तने बरोबर बसली. तिसऱ्या वेळी एक मात्रा कुठूनशी जास्तीची आली आणि काकांची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हवेत राहिली. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. मला वाटले, आता हे उठणार. पण ते खुश होऊन म्हणाले, “फसवलं बे! लावा पुन्हा.” तो तुकडा आम्ही चार वेळा ऐकला. चौथ्या वेळी त्यांनी ती चोरटी मात्रा बरोबर पकडली आणि समेवर अशी काही थाप मारली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्यांच्या तोंडून घाईची तक्रार नंतर एकदाही आली नाही, आणि मला संशय आहे की माझ्यासारख्या अनेकांच्या ‘काळीज नाही’ या तक्रारीचे खरे नाव ‘मला सम सापडली नाही’ असेच आहे.

भाच्याचे मत मात्र कानांपेक्षा डोळ्यांनी बनलेले आहे. त्याच्या पिढीचे दैवत अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स, ज्यांचा पहिला अल्बम २००९ सालचा. त्यांचा टोसिन अबासी आठ तारांची गिटार वाजवतो. भाचा त्यांचे व्हिडिओ निम्म्या वेगाने लावून बोटे पाहतो. त्यामुळे तो संगीताविषयी बोलताना ‘छान’ म्हणत नाही, ‘अशक्य’ म्हणतो. “मामा, हा पेट्रुची प्रत्येक सूर वेगळा छेडतो, एकही चोरत नाही,” असे तो म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात जो आदर होता, तो स्वतःच्या बोटांच्या पराभवातून आलेला होता. ज्याने ते वाजवून पाहिले आहे आणि ज्याला जमलेले नाही, त्याला त्या वेगात काळीज ऐकू येते. टपरीवर उभे राहून निकाल देणाऱ्याला ही सोय नसते.

हे सगळे मान्य करूनही शेवटच्या रचनेतली काही मिनिटे मला आजही उगाच वाटतात. गिटार आणि की-बोर्ड एकमेकांच्या मागे जिन्यावरून पळत राहतात आणि कोणाला कुठे जायचे होते हे दोघेही विसरतात. अशा जागी मला स्टॉपच्या बटणाची ती सूचना सद्‌हेतूने दिलेली वाटते. मात्र आता ती मिनिटे कोणती हे मी बोट ठेवून सांगू शकतो.

एक तक्रार तेवढी मागे घ्यावी लागली. टोनी लेव्हिनचा बास ऐकूच येत नाही, असे मी भाच्याला म्हणालो होतो, आणि त्याने वैतागून स्पीकरचा आवाज वाढवला होता. रचनेचा उत्तरार्ध चालू असताना, म्हणजे मी कधीच न ऐकलेल्या प्रदेशात, लाइन गेली. स्पीकर बॅटरीवर होता, तो वाजत राहिला. कूलर तेवढा थांबला. खालच्या पट्टीतला तो सततचा घर्रघर्राट बंद होताच, इतका वेळ त्याच्याखाली दडपलेला बास जमिनीतून वर आल्यासारखा ऐकू येऊ लागला. कोणत्याही घाईत नसलेला, मोजून सूर टाकणारा, वर चाललेल्या सगळ्या धावपळीला खालून धरून ठेवणारा. काकांनी बोटे थांबवली. “हा पाहा आलाप,” ते म्हणाले. “हा तं खाली बसला होता.”

सहा-सात मिनिटांनी लाइन आली आणि कूलर पुन्हा सुरू झाला. भाचा तो बंद करायला उठला, पण आईने त्याला जागेवर बसवले. बाहेर ४५ अंश होते. उरलेली रचना आम्ही कूलरसकट ऐकली.