दुसरा मेसेज

मंगळवार, रात्री

'मॅडम, तुम्ही माझ्या मेंटॉर व्हाल का?' आपल्या क्षेत्रातल्या अनुभवी बाईंना मेंटॉर, म्हणजे वाट दाखवणारी मार्गदर्शक, व्हा म्हणून विचारताना बहुतेक विद्यार्थिनींचा पहिला मेसेज हाच असतो. उत्तर आलं नाही की त्या मनाला लावून घेतात आणि पुन्हा कुणाला विचारायला धजत नाहीत. खरं तर समोरच्या बाईंना राग आलेला नसतो. हो म्हटलं तर किती वेळ द्यावा लागेल, किती महिने, नेमकं कशासाठी, यातलं काहीच त्या ओळीतून कळत नाही. 'सवडीने बघू' म्हणून मेसेज बाजूला राहतो आणि तिथेच राहतो.

त्याऐवजी असं लिहावं: 'नमस्कार मॅडम, मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही डिझाइनचं काम सोडून साइटवर गेलात, हे तुमच्या प्रोफाइलवर वाचलं. पहिली नोकरी साइटवर घ्यावी की डिझाइनमध्ये, हे मला ठरवायचंय. त्याबद्दल 20 मिनिटं फोनवर बोलता येईल का? बुधवारी किंवा शुक्रवारी 6 नंतर मी मोकळी आहे. तुमच्या सोयीची दुसरी वेळ असेल तर तीही चालेल.' याला हो किंवा नाही म्हणायला अर्धं मिनिट पुरतं. बायोडेटा मागितल्याशिवाय जोडू नये, कारण तो दिसला की नोकरीच मागतेय असं वाटतं. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करावी. त्यानंतर नाद सोडून दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

फोनवर तीनच प्रश्न घ्यावेत आणि अवघड प्रश्न दुसरा ठेवावा. पहिल्या प्रश्नात बोलणं मोकळं होतं, तिसऱ्यापर्यंत वेळ उरेलच असं नाही. 'तुमचा पगार किती?' विचारलं की अवघडलेपण येतं. 'सुरुवातीला किती मागितलं तर जास्त वाटणार नाही?' याला मात्र बायका मनापासून उत्तर देतात. 20 मिनिटं झाली की आपणच म्हणावं, 'वेळ झाली मॅडम.' बहुतेक वेळा त्याच आणखी पाच-दहा मिनिटं बोलतात.

फोन ठेवण्याआधी 'याबद्दल आणखी कुणाशी बोलू?' हे विचारायचं राहू नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलं होतं की नवी माहिती जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना साधारण आपल्याइतकंच ठाऊक असतं. मॅडमनी नाव सुचवलं की मॅडमनाच तीन-चार ओळींचा स्वतःचा परिचय पाठवावा, जसाच्या तसा फॉरवर्ड करता येईल असा. 'तुम्हीच काहीतरी लिहून पाठवा ना' म्हटलं की ते काम मागे पडतं.

आता खरा मुद्दा. आभाराचा मेसेज त्याच दिवशी सगळ्याच पाठवतात. तीन-चार आठवड्यांनी दुसरा मेसेज पाठवणाऱ्या मात्र फार थोड्या. तुम्ही काय सुचवलं, मी काय केलं, पुढे काय झालं, एवढंच त्यात हवं. सल्ला जमला नसेल तर तेही लिहावं: 'साइटवर इंटर्नशिप मागितली, दोन ठिकाणी नकार आला, तिसरीकडे चाचणीला बोलावलंय.' आपलं बोलणं वाया गेलं नाही हे बाईंना इथे कळतं, आणि मेंटॉर हा शब्द कुणीच न उच्चारता त्या मेंटॉर झालेल्या असतात.

शिफारसपत्र हवं असेल तेव्हा ही दुसऱ्या मेसेजची सवय कामी येते. 2003 मध्ये ट्रिक्स आणि सेन्का या संशोधकांनी वैद्यकीय अध्यापकांसाठी लिहिलेली 300 हून अधिक पत्रं तपासली. बायकांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, आणि संशोधनापेक्षा मेहनतीचं कौतुक करण्याकडे त्यांचा कल होता. कष्टाळू आणि मनमिळाऊ म्हटल्याने निवड होत नाही! म्हणून पत्र किमान तीन आठवडे आधी मागावं. सोबत शेवटची तारीख, बायोडेटा आणि चार मुद्दे द्यावेत. प्रत्येक मुद्द्यात काम, आकडा आणि परिणाम हवा, दुसऱ्या मेसेजमध्ये काय केलं आणि पुढे काय झालं ते लिहितो तसंच. आणि 'सध्या जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा' ही ओळ जरूर असावी, कारण नाइलाजाने लिहिलेलं पत्र कोमट उतरतं.

विद्यार्थिनी आणि मेंटॉर यांच्या जोड्या लावणाऱ्यांसाठीही थोडं. सगळ्यात मोठं पद असलेल्या बाई शोधण्याचा हट्ट कशासाठी, कळत नाही. 2017 मध्ये डेनेही आणि दासगुप्ता या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, अभियांत्रिकीच्या 150 विद्यार्थिनींवरचा. त्यात मेंटॉर होते वरच्या वर्गातले विद्यार्थीच. मुलगी मेंटॉर मिळालेल्यांचे गुण काही वाढले नाहीत, पण 'आपण इथल्याच' ही भावना आणि आत्मविश्वास टिकला, आणि त्या अभ्यासक्रम सोडून गेल्या नाहीत. दोन-चार वर्षं पुढे असलेल्या बाईंना मुलाखतीत काय विचारतात हे ताजं आठवतं. वीस वर्षं पुढे गेलेल्या बाई दार उघडून देऊ शकतात, पण पहिल्या वर्षाची धाकधूक त्या विसरलेल्या असतात. दोघी हव्यात, वेगवेगळ्या कामांसाठी.

एका बाईंकडे दोनपेक्षा जास्त मुली देऊ नयेत. पहिली भेट दोन आठवड्यांत ठरवूनच टाकावी, लांबली की सहसा होतच नाही. शेवटची तारीखही आधीच सांगावी, सहा महिने पुरेत. तारीख नसली की दोघीही अवघडून हळूहळू गप्प होतात. ती असली की 'आपले सहा महिने झाले, पुढे अडलं तर विचारू ना?' म्हणून सहज थांबता येतं.