सुतारकाकांची बेटकुळी

"डॉक्टर, वर्षभर खांदा ठणकायचा. परवा चौकट उचलताना आत 'कट्' वाजलं आणि ठणका गेला. पण हे बघा काय झालं!" साठीला टेकलेल्या सुतारकाकांनी बाही वर केली. उजव्या दंडाची बेटकुळी कोपराकडे घसरली होती, खाली सगळं काळंनिळं. मुलगा हवालदिल: "ऑपरेशन लगेच करून टाका."

बायसेप्स, म्हणजे बेटकुळीचा स्नायू, वरच्या बाजूला दोन शिरांनी बांधलेला असतो; शीर म्हणजे इथे रक्ताची नव्हे, तर स्नायू हाडाला जोडणारी दोरी. लांब शीर दंडाच्या हाडातल्या खाचेतून खांद्याच्या सांध्यात जाते; वर्षानुवर्षं घासून तीच तुटते. आखूड शीर शाबूत असते, म्हणून हात चालतो. सुजलेल्या शिरेवरचा ताण सुटतो, म्हणून जुनं दुखणंही बऱ्याचदा थांबतं.

मला काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. या वयात ही शीर सहसा एकटी झिजत नाही. खांदा फिरवणारे रोटेटर कफचे स्नायूही सोबत विरलेले असतात. बेटकुळी सगळ्यांना दिसते, कफ कुणालाच दिसत नाही, आणि हात वर जायचा अडतो तो कफमुळे. काकांचा हात डोक्यावर सहज गेला. सोनोग्राफीत खाच रिकामी होती आणि कफ थोडा फाटलेला, पूर्ण नाही. मला हायसं वाटलं.

मग त्यांचा हात हातात धरून तळवा वर फिरवायला सांगितला. डाव्यापेक्षा जोर स्पष्ट कमी. उजव्या हाताने स्क्रू आवळायची हालचाल हीच, त्यामुळे सुताराच्या बाबतीत हे सोडून देता येत नव्हतं. शीर हाडाला परत बसवता येते, पण करायचं तर पहिल्या काही आठवड्यांत. नंतर ती आखडते. शिवाय हात झोळीत, जड काम काही महिने बंद. सगळं सांगितलं.

काकांनी एवढंच विचारलं, "स्क्रूला मशीन आहे. रंधा मारता येईल ना?"

"बहुतेक येईल."

"मग राहू दे."

मुलाला पटलं नाही. तुमच्या वयात असं झालं असतं तर मी ऑपरेशनच सुचवलं असतं, हेही त्याला सांगितलं. पण हात काकांचा होता, कामही त्यांचंच.

तीन-चार महिन्यांनी ते आले. रंधा चालत होता. हाताने स्क्रू पिळताना मात्र दंड लवकर भरून यायचा. बेटकुळी खालीच होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. कफसाठी दिलेले रबरी पट्ट्याचे व्यायाम त्यांनी दुखणं नाही म्हणून सोडले होते. फिजिओकडे नेऊन ते माझ्यासमोर परत सुरू करायला लावले.