बिलाचा बाप कोण, ते आयत्या वेळी ठरवताना (माझा अनुभव)

देवगडला मामाचं आंब्याचं काम आहे, त्याला पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटं बिलिंग करून दिलं होतं. शेडवर येणाऱ्या गिऱ्हाईकाला थर्मल प्रिंटरची चिठ्ठी आणि वाशीच्या दलालाला पीडीएफ, म्हणून मी बिलाचे दोन क्लास (ऑब्जेक्ट बनवायचे साचे) केलेले, एक थर्मल छापणाऱ्या क्लासचा मुलगा नि एक पीडीएफवाल्याचा (मुलाला बापाचा कोड वारशाने मिळतो), बिलाचा आतला कोड मात्र जसाच्या तसा कॉपी. मामाने मधेच पेटी पाच डझनाऐवजी चारची पण धर म्हटलं, मी एकाच ठिकाणी बदललं आणि दुसरीकडची बिलं चुकली, मग बोलणी खाल्ली.

तेव्हा डोक्यात आलं की बाप आयत्या वेळी ठरवता आला तर? आणि पायथनमधे ते येतं, कारण क्लासची ओळसुद्धा प्रोग्राम चालताना चालते, कंसात थेट नावच पाहिजे असं नाही, व्हेरिएबल किंवा फंक्शनचा कॉलही चालतो. पायथनच्या टाइपला क्लासचं नाव, बापांचा टपल (यादीच) आणि आतल्या मेथड वगैरेंची डिक्शनरी अशा तीन गोष्टी दिल्या तरी क्लास तयार होतो, पण बाहेर लिहिलेल्या मेथडमधलं (क्लासच्या फंक्शनमधलं) रिकाम्या कंसाचं सुपर, म्हणजे बापाला हाक मारणारं, तिथे रडायला लागलं, म्हणून मी फंक्शनच्या आतच क्लास लिहिला, बाप आत द्यायचा, क्लास बाहेर घ्यायचा. मस्त चाललं, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळचा हिशेब शून्य. शेडभर पेट्या गेल्यात आणि विक्री शून्य! रात्री अकराला कळलं की फंक्शन दरवेळी नवा क्लास बनवतं, नाव तेच, कोड तोच, पण पायथनच्या लेखी परका, त्यामुळे हिशेबात "हे बिल याच क्लासचं का" असं तपासणारं इझइन्स्टन्स प्रत्येक बिलाला नाही म्हणत होतं. फंक्शनवर एलआरयू कॅशे (आधी दिलेलं उत्तर लक्षात ठेवणारा) लावला, म्हणजे त्याच बापाला तोच क्लास परत मिळतो, एका ओळीत मिटलं.

मग लाइट गेली. राहिलेली बिलं फाइलीत ठेवायला पिकल (ऑब्जेक्ट साठवायची पायथनची सोय) वापरलं तर लोकल ऑब्जेक्ट पिकल होत नाही म्हणून एरर, कारण पिकल क्लासचा कोड ठेवत नाही, फक्त त्याचं मॉड्यूल (कोडची फाइल) नि नाव ठेवतं, आणि फंक्शनच्या पोटातला क्लास त्याला बाहेरून सापडणार कसा. मी पिकल पिकल करत वैतागलेलो तर मामी स्वयंपाकघरातनं, "लोणच्याक काय झाला रे?"

शेवटी वारसाच काढून टाकला. बिल हा एकच साधा क्लास, त्यात "थर्मल" किंवा "पीडीएफ" एवढा शब्द, छापायच्या वेळी त्या शब्दावरून प्रिंटर शोधायचा. (आधी प्रिंटरचा ऑब्जेक्टच बिलात ठेवून पाहिलेला, पण उघडा पोर्टही पिकल होत नाही.) माझ्या मते चालू करताना एकदाच बाप ठरणार असेल तर ही युक्ती छान, विंडोज आणि लिनक्सच्या फरकासाठी मी अजून तशीच ठेवलीय. दर गिऱ्हाईकाला बाप बदलत असेल तर तो बाप नव्हेच, कामाला ठेवलेला माणूस.

परवा परत लाइट गेली, आली तेव्हा सगळी बिलं जागेवर. मामाने पाहिलंही नाही, आता त्याला चिठ्ठीवर आंब्याचं चित्र हवंय.