परतीची गाडी

आईला जपान दाखवायचं ठरलं आणि मी कामाला लागले. दोघींचाही पहिलाच परदेश. दहा दिवस हातात, म्हणून मी दहा दिवसांत सहा गावं बसवली. रोज नवं हॉटेल, रोज नवी गाडी. कागदावर ते फार देखणं दिसत होतं. आईने चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "संध्याकाळी परत कुठे यायचं?"

"परत नाही यायचं. पुढे जायचं."

"रोज?"

त्या 'रोज'मध्ये तिचे गुडघे, तिची बॅग आणि रात्री दोनदा उठून अनोळखी खोलीत दिवा शोधणं, सगळं आलं. सहाच्या सहा हॉटेलं रद्द. चार रात्री टोकियो, सहा रात्री क्योतो, आणि तिथून जमेल तेवढं सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

एक दिवसाच्या सहलीचं गणित मला तेव्हा कळलं. आपण नकाशावर बोट ठेवतो ते गावावर, पण सहल ठरते ती परतीच्या गाडीवरून. आईचा तर नियमच आहे, "जायची गाडी कुणालाही मिळते, यायची बघ." मग मी प्रत्येक गावापुढे दोन आकडे लिहायला लागले. दारातून निघून दारात परत येईपर्यंतचे तास, आणि त्यातले प्रत्यक्ष त्या गावातले तास. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा फारच मोठा झाला, की गावावर काट. टोकियोहून निक्को जायलाच दोन तास, काट. कामाकुरा तासाभरावर, तिथला मोठा बुद्ध उघड्यावर बसलेला आणि पायऱ्या मोजक्या. कामाकुरा पास. हिमेजीचा पांढरा किल्ला मला मनापासून बघायचा होता, पण आत सहा मजले आणि शिडीसारखे उभे लाकडी जिने. आईने फोटो पाहिला आणि काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा नाहीच म्हणायचं असतं.

खरी डोकेफोड झाली ती रेल्वे पासची. जपानला जाऊन आलेला प्रत्येक जण सांगत होता, "सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पास, आधी घे, डोळे मिटून." हे सल्ले प्रेमाचे होते, पण जुन्या भावाचे. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या पासची किंमत 29,650 येनांवरून थेट 50,000 झाली. टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण 14,000. म्हणजे जुन्या भावात नुसतं जाऊन आलं तरी पैसे जवळजवळ वसूल व्हायचे. आता तसं नाही. आम्हाला क्योतोहून हिरोशिमाकडे एक फेरी करायची होती, ती मिळवली तर सुट्या तिकिटांची बेरीज एक्कावन्न हजारांच्या आसपास. पास 50,000. एक अख्खा रविवार मी हजारभर येनांसाठी कॅल्क्युलेटर बडवत होते.

त्यात अटी. पासचे सात दिवस सलग. आणि सगळ्यात वेगवान 'नोझोमी' बुलेट ट्रेनमध्ये पासवर बसायचं तर वरून वेगळे पैसे. 'हिकारी'त चालतो, पण हिरोशिमाकडे जाताना मध्ये गाडी बदलायची. हिकारी म्हणजे प्रकाश, कोदामा, त्यांच्यातली सगळ्यात हळू गाडी, म्हणजे प्रतिध्वनी, नोझोमी म्हणजे आशा. प्रकाश पासमध्ये धरलेला आणि आशेला जादा आकार. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे." सुटी तिकिटं काढली. टोकियोहून क्योतो साधारण पाचशे किलोमीटर, नोझोमीने सव्वादोन तास. 1964 मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हा टोकियो-ओसाका चार तासांचा होता, हेही मी त्या रविवारी वाचलं. कशासाठी, ते विचारू नका. नियोजन करताना माणूस कामाचं कमी आणि बिनकामाचं जास्त वाचतो.

बिनकामाच्या वाचनातलं एक मात्र उपयोगी पडलं. फुजी दिसायचा तर आसन 'ई' घ्यायचं. एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन आसनं असतात, त्यातल्या दोनच्या बाजूची ती खिडकी. टोकियोहून जाताना डोंगर उजवीकडे, येताना डावीकडे, पण गाडी तशीच उलटी धावते, त्यामुळे दोन्ही वेळा 'ई'च. हे आईला पटवायला मला टेबलावर चष्म्याची केस पुढे-मागे सरकवावी लागली. मग तिने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

मियाजिमाच्या, म्हणजे हिरोशिमाजवळच्या बेटाच्या, बाबतीत तर रेल्वेचं वेळापत्रक पुरेना, समुद्राचं काढावं लागलं. तिथलं ते लाल तोरी, समुद्रातलं प्रवेशद्वार, भरतीला पाण्यात उभं असतं आणि ओहोटीला चिखलात. ओहोटीच्या वेळी चालत त्याच्या खांबापर्यंत जाता येतं, पण आईच्या मनातलं चित्र पाण्यातलं होतं. क्योतोहून हिरोशिमा, तिथून अर्ध्या तासाची लोकल, मग दहा मिनिटांची बोट, मिळून तीन तास. माझ्या दोन आकड्यांच्या नियमाने या सहलीवर सरळ काट बसायला हवी होती. पण आईच म्हणाली, "सहा तास बसून जायचंय ना? बसायला मला काय होतंय." नियम मोडला. भरतीचे तक्ते पाहून सहलीचा वार बदलला आणि त्यासाठी आधीचे दोन दिवस उलटसुलट केले.

एवढं सगळं करून पहिल्याच संध्याकाळी चुकले ती टोकियोच्या शिंजुकू स्टेशनात. या स्टेशनाला दोनशेच्या वर दारं आहेत. नकाशाने दाराचा नंबरसुद्धा सांगितला होता, मीच "एवढं काय, बाहेर पडू मग बघू" म्हटलं. बाहेर पडलो ते हॉटेलच्या नेमके विरुद्ध बाजूला. परत आत शिरून पलीकडे निघेपर्यंत अर्धा तास गेला. आई एका खांबाशी बॅगेवर बसली होती. "गाड्यांचं पाठ केलंस, दाराचं नाही," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मी फलाटाआधी दाराचा नंबर लिहून घ्यायला लागले. सुइका कार्ड, आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, मात्र आईला फार आवडलं. फाटकावर टेकवायचं, टुक वाजतं, की आपण पलीकडे. कामाकुराहून येईपर्यंत ती माझ्या पुढे जाऊन टेकवत होती.

जाताना फुजी ढगात होता. 'ई'च्या खिडकीतून तासभर शेतं, कारखान्यांच्या चिमण्या आणि एक भलामोठा पांढरा ढग पाहिला. "यातच असेल," आई म्हणाली आणि त्या ढगाचा फोटो काढला.

नारा शेवटून दुसऱ्या दिवशी होतं. नाराला स्टेशनं दोन, जेआरचं वेगळं आणि किंतेत्सु या खासगी रेल्वेचं वेगळं. किंतेत्सुचं हरणांच्या बागेला जवळ, म्हणून आम्ही तिकडून गेलो. पाऊण तासही लागला नाही. तोदाइजी मंदिरातला पंधरा मीटर उंच बुद्ध बघून झाला. हरणांना बिस्किटं देऊन झाली. ती बिस्किटासाठी मान लववतात आणि उशीर झाला की पदराशी लगट करतात. आईच्या ओढणीचं एक टोक ओलं झालं होतं. माझ्या कागदावर चार वाजून वीस मिनिटांची गाडी लिहिलेली होती, आणि चार वाजता आम्ही गवतावर बसलो होतो. नोव्हेंबरातला सूर्य तिथे पाचच्या आधीच जातो. समोर एक हरीण पाय दुमडून बसलं होतं आणि त्याच्या कानामागून ऊन येत होतं, त्यामुळे कान आतून गुलाबी दिसत होते.

मी उठायला लागले. आई बसलेलीच.

"शेवटची गाडी कधीची आहे?" तिने विचारलं.

"रात्री उशिरापर्यंत आहेत. सारख्या आहेत."

"मग बस की जरा," ती म्हणाली.