बीटल्स सोडून झॉम्बीज का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "बीटल्स, स्टोन्स सोडून तू या झॉम्बीजच्या मागे काय लागलीस?" माझ्याकडे गाणी ऐकायला आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. माझं उत्तर त्यांच्या एका एलपीत, म्हणजे मोठ्या तबकडीत आहे, पण आधी साठच्या दशकातल्या या इंग्लिश बँडच्या पोरांबद्दल.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथल्या शाळकरी मुलांनी १९६१ साली पहिली तालीम केली. कॉलिन ब्लनस्टोन रग्बी खेळताना नाक मोडून घेऊन आला होता, डोळे काळेनिळे. तो गिटार वाजवणार आणि रॉड अर्जंट गाणार, असं ठरलं होतं. मधेच चहाच्या वेळी रॉड पियानोवर बसला. कॉलिननेही अमेरिकन गायक रिकी नेल्सनचं एक गाणं म्हटलं. दोघांनी एकमेकांना ऐकलं आणि तिथल्या तिथे कामांची अदलाबदल झाली! तो हलका, श्वास मिसळलेला आवाज आपल्याला मिळाला तो असा.

१९६४ मध्ये एक स्पर्धा जिंकली, डेक्का या रेकॉर्ड कंपनीने करार केला आणि रॉडने लिहिलेलं 'शी इज नॉट देअर' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. 'टेल हर नो' तिथे सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं, पण त्यानंतरची गाणी फारशी चालली नाहीत.

आता ती एलपी, 'ओडेसी अँड ऑरॅकल'. १९६७ मध्ये तिचं बरंचसं ध्वनिमुद्रण अ‍ॅबी रोड स्टुडिओत झालं. बीटल्स नुकतेच तिथून बाहेर पडले होते आणि त्यांच्यातल्या जॉन लेननचा मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारं पियानोसारखं वाद्य, तिथेच होतं, ते झॉम्बीजनी वापरलं. पैसे अगदी मोजके. स्टिरिओ मिक्ससाठी रॉड आणि बँडचा बासवादक ख्रिस व्हाइट यांनी स्वतःच्या रॉयल्टीतून २०० पौंड घातले. 'टाइम ऑफ द सीझन' गाताना रॉड कॉलिनला सारखा टोकत होता आणि स्टुडिओची वेळ संपत आली होती. शेवटी कॉलिन वैतागून म्हणाला, एवढं येतं तर तूच येऊन गा. मी ते गाणं लावते तेव्हा आधी बास, टाळी आणि तो सोडलेला निःश्वास कान देऊन ऐकते. भांडण कुठेच ऐकू येत नाही, एवढं ते निवांत आहे.

१९६७ संपता संपता बँड मोडला. एलपी १९६८ च्या एप्रिलमध्ये निघाली, मुखपृष्ठावर 'ओडेसी'चं स्पेलिंग चुकलेलं. इंग्लंडमध्ये तिला कुणी विचारलं नाही. अल कूपर या अमेरिकन संगीतकाराने कोलंबिया कंपनीकडे आग्रह धरला म्हणून ती अमेरिकेत निघाली आणि १९६९ मध्ये 'टाइम ऑफ द सीझन' तिथे तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. बँड मोडल्यावर कॉलिनने विमा कंपनीत नोकरी धरली होती. अमेरिकेत तर भलत्याच टोळ्या 'झॉम्बीज' म्हणून कार्यक्रम करत फिरत होत्या. याचा मला अजून राग येतो.

ही गाणी करताना पोरांच्या मागे लोकप्रियता नव्हती की पुढची खात्री नव्हती, तरी एकेक सूर जिवापाड जपलाय. म्हणून झॉम्बीज.

ती अख्खी एलपी त्यांनी रंगमंचावर पहिल्यांदा वाजवली २००८ मध्ये, लंडनला, चाळीस वर्षांनी. गिटारवादक पॉल अ‍ॅटकिन्सन २००४ मध्येच गेला होता. उरलेले चौघे उभे राहिले.