खोडाभोवतीचं काँक्रीट

मार्च संपत आला होता. बंगळुरातल्या एका जुन्या बागेच्या कडेचा पर्जन्यवृक्ष धोकादायक म्हणून तोडायच्या यादीत गेला होता. बागेचा नवा आराखडा माझ्याकडे, म्हणून माझी सही हवी होती. शेजारच्या झाडांना पोपटी पालवी आलेली, याचा शेंडा मात्र बोडका. खोडाला घट्ट भिडलेलं काँक्रीट. खोड खांबासारखं सरळ जमिनीत उतरत होतं, तेच मला खटकलं. एवढ्या वयाच्या झाडाचा बुंधा पायाशी फुगलेला दिसायला हवा.

आमच्या माळीकाम करणाऱ्या अण्णांना म्हटलं, "मशीन नको, छिन्नी-हातोड्यानं फोडू या." दोन तास गेले. काँक्रीटखाली राडारोडा, त्याखाली आंबूस वासाची काळी ओली माती. दीड फुटावर बुंधा फाकायला लागला. गाडलेली साल बोट लावलं की सुटत होती. आणि राडारोड्याच्या फटींतून केसांसारखी बारीक मुळं हवेच्या ओढीनं वर चढलेली.

"मॅडम, याला श्वासच घेऊ दिला नाही कुणी," अण्णा कन्नडमध्ये म्हणाले.

मी बडोद्याच्या मराठी घरातली. गुस्ताव क्रुम्बिगेल हे नाव मी लहानपणीच ऐकलेलं. ड्रेस्डेनजवळ 1865 साली जन्मलेला, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा जर्मन माळी 1893 साली सयाजीरावांच्या बोलावण्यावरून बडोद्याला आला. 1908 मध्ये म्हैसूर संस्थानानं त्यांना बंगळुरात आणलं, आणि 1932 पर्यंत तिथलं लालबाग उद्यान त्यांच्या हाती होतं. एका रस्त्याचा बहर ओसरला की दुसरा फुलावा, अशा हिशेबानं त्यांनी या शहराला झाडं दिली. इथले गुलाबी फुलांचे टॅबेबुया वृक्षही सरसकट त्यांच्या नावावर घातले जातात. ते बरोबर नाही. त्यातले पुष्कळसे 1980च्या दशकात वनाधिकारी नेगिनहाळ यांनी लावले. पण झाड निवडताना त्याचा महिना पाहायचा, ही क्रुम्बिगेल यांची नजर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्ध केलं, तरी ते इथेच राहिले आणि 1956 मध्ये इथेच गेले. परक्या मुलखात येऊन इतक्या लांबचं पाहणाऱ्या माणसाच्या शहरात आपण झाडाच्या गळ्यापर्यंत सिमेंट ओततो, याचा मला फार राग येतो.

लाकडी हातोडीनं बुंधा सगळीकडून ठोकून पाहिला. एका बाजूनं पोकळ आवाज, बाकी खणखणीत. सही केली नाही. लिहून दिलं: सहा फुटांचं वर्तुळ मोकळं करा, वाळलेल्या फांद्या उतरवा, पावसाळ्यानंतर पुन्हा तपासू. साहेब नाराज झाले, पण मुदत दिली. संध्याकाळपर्यंत अण्णांनी बुंध्यापासून लांब पालापाचोळा पसरला.

दोन मोठ्या फांद्या गेल्याच. उरलेल्यांवर जूनमध्ये पालवी फुटली. त्याच रस्त्यावरच्या आणखी अकरा झाडांभोवतीचं काँक्रीट आम्ही मोजून ठेवलं आहे.